आजीचे दोन पाय

आमचे अडीच वर्षांचे चिरंजीव म्हणजे पक्के सत्याग्रही! संडासाचे दार दिसले की भोकाड. आमिषे झाली, दटावणी झाली. त्यांनी चार दिवस शी दाबून धरली. दाबली की खडा होतो, खडा दुखतो आणि त्या भीतीने पुन्हा दाबणे!

शेवटी शहापूरहून मुरबाडला आईकडे गेलो. २०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत मोहिमेत तिच्या परसात संडास आला, तेव्हा तीच आत जायला बिचकायची. तिने नातवाला भरपूर पाणी पाजले, पपई चारली आणि न्याहारीनंतर आपल्या दोन पायांवर बसवले. तिसऱ्या दिवशी स्वारी मोकळी झाली!

“आता संडासात केव्हा?” मी विचारले.

“मला वर्ष लागलं रे. त्याला महिना तरी देशील?”