बंद कानातला ईकार

‘आ’पाशी काही अडत नाही. अडतं ते ‘ई’पाशी.

दोन्ही कानांत इन-इअर मॉनिटर घट्ट बसवून काळी चारचा षड्ज आकारात लावला, तर आवाज बाहेर पडतो, माइकमधून फिरून कानात येतो आणि हवा तिथे बसतो. तोच षड्ज ईकारात लावला की घंगाळात तोंड घालून गावं तसं डोकं घुमतं. स्वर नेमका कुठे आहे ते कळत नाही, फक्त त्याचं वजन कळतं. आणि आपल्या गाण्यांत ओळ ईकारावर येऊन थांबते तरी किती वेळा! सखी, राणी, रात्री, दारी, उरी. मुखडा तिथेच विसावतो, आलाप तिथूनच निघतो. सहा वर्षं मी या एका अक्षराशी झगडते आहे.

कारण मला फार उशिरा कळलं. ईकारात जीभ टाळूजवळ जाते, तोंडातली पोकळी लहान होते, आवाजाचा जोर आतच राहतो आणि जबड्यातून, हाडांतून त्याची थरथर कानाच्या नळीपर्यंत पोचते. कान उघडा असला की ती तिथून बाहेर निघून जाते, म्हणून आपल्याला तिचा पत्ताही नसतो. नळीच्या तोंडाशी बूच बसलं की ती आत कोंडते. पाचशे हर्ट्झच्या खाली हा घुमारा पंधरा-वीस डेसिबलपर्यंत चढू शकतो. काळी चारचा षड्ज २०८ हर्ट्झच्या आसपास येतो. म्हणजे माझं मंद्र आणि मध्य सप्तक सगळंच्या सगळं त्या कोंडवाड्यात.

इन-इअर मी हौसेनं घेतले नाहीत. पंचवीसहून जास्त वर्षं पायाशी दोन वेज, म्हणजे माझ्याकडे तोंड केलेले स्पीकर, ठेवून गायले. डाव्या हाताला कायम ऱ्हिदम सेक्शन, त्यात ऑक्टोपॅडवाल्याचा स्वतःचा स्पीकर, आणि त्यावर मात करायला माझं एकच पालुपद : ‘अरे, माझा आवाज वाढव.’ कानाला ८५ डेसिबलला आठ तास चालतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. आमचे कार्यक्रम तीन-तीन तासांचे. डाव्या कानाचा आलेख हातात आला तेव्हा ४००० हर्ट्झपाशी रेघ खळग्यात उतरावी तशी उतरलेली होती. तो कागद आठ महिने मी साड्यांच्या कपाटात ठेवला. नवऱ्यालाही दाखवला नाही. आवाज बसला तर लोक चौकशी करतात, काढे सुचवतात. कान गेला म्हटलं की पुढच्या महिन्यापासून फोन येणं थांबतं, अशी माझी भीती होती, आणि ती अगदीच खोटी होती असं आजही म्हणवत नाही.

पहिली जोडी कानाचं माप देऊन करून घेतली. प्रत्येक कानात तीन ड्रायव्हर, म्हणजे तीन इवले स्पीकर. मोजदाद करून विकण्याची या धंद्याला सवय आहे : इतके ड्रायव्हर, तितकी किंमत. मीही त्याच मापानं विकत घेतली, कारण आमच्या क्षेत्रातल्या दुसऱ्या एका गायिकेच्या कानात दोन होते, हे मला ठाऊक होतं. माप घेताना पातळ सिलिकॉन कानात भरलं आणि ‘मॅडम, हलू नका’ म्हणून सांगितलं. मी तोंड मिटून मूर्तीसारखी बसले. चूक तिथेच झाली. जबडा उघडला की कानाच्या नळीचा आकार बदलतो. मिटल्या तोंडानं घेतलेलं माप मिटल्या तोंडाच्याच कानाला बसतं. पहिल्याच कार्यक्रमात ‘आ’ला डाव्या बाजूची पकड सुटायची, बेस गायब व्हायचा, बाहेरचे ड्रम आत शिरायचे, ‘ई’ला तोंड मिटत आलं की पुन्हा घट्ट. एका ओळीत चार वेळा कोणीतरी खिडकी उघडझाप करतंय, तसं. गायकाचं माप दातांत ठोकळा धरून, तोंड उघडं ठेवून घ्यायचं असतं, हे मला त्यानंतर समजलं. ज्यानं माप घेतलं त्यानं विचारायला हवं होतं, की बाई, तुम्ही यात गाणार की नुसतं ऐकणार?

हाच प्रश्न मला या यंत्रांवर मतं देणाऱ्या सगळ्यांना विचारावासा वाटतो. ही मंडळी खुर्चीत बसून ध्वनिमुद्रित गाणी ऐकतात आणि बेस कसा, ट्रेबल कसा, झांजेची किणकिण कशी हे सांगतात. त्यांचे कान माझ्यापेक्षा तरुण आणि तल्लख असतील. पण तोंड मिटून ऐकणाऱ्याचं मत गाणाऱ्याच्या काय कामाचं? १९९५ साली जेरी हार्वी या मॉनिटर इंजिनिअरनं अ‍ॅलेक्स व्हॅन हॅलेनसाठी जोडी बनवली आणि तिच्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. अ‍ॅलेक्स व्हॅन हॅलेन ड्रमर. त्याला बाहेरचा गदारोळ कमी करून हवा होता. माझा गदारोळ आतला.

मग मी करू नये ते केलं. डावा कान काढून खांद्यावर सोडला आणि उजव्यावर गाऊ लागले. घुमारा गेल्यासारखा वाटला, सभागृहाचा श्वास परत आला. असं गाणारे पुष्कळ आहेत, टीव्हीवरही दिसतात, आणि लोकांना ती एक अदा वाटते. पण दोन कानांनी ऐकलेलं एका कानापेक्षा मोठं भासतं. एक काढला की दुसऱ्यात वाढवावं लागतं, आणि उघडा कान स्टेजच्या तोंडी जातो. माझा उघडा कान आधीच अधू होता. नव्या मुलींना मी आता हे करू देत नाही. समजावून ऐकत नसतील तर रागावते.

मात्र रागावताना मला वडील आठवतात. ते एका शाहिरी पार्टीत झीलकरी होते. झील उचलायच्या आधी त्यांचा हात आपसूक कानावर जायचा. लहानपणी मला वाटे, ते शाहिराला मान देतात. कान झाकला की आपला आवाज आतून ऐकू येतो. डफ-तुणतुण्याच्या गजरात त्यांना आपला स्वर सापडायचा तो असा. म्हणजे त्यांच्या कानातही माझाच घुमारा असणार. फरक इतकाच की त्यांचा तळवा जिवंत होता. स्वर सापडला की ते बोटं सैल करत, ईकार आला की थोडा हात उचलत असतील, पुन्हा झाकत असतील. मला त्या हाताचा हेवा वाटतो. अ‍ॅक्रिलिकचं बूच सैल होत नाही.

माझी विद्यार्थिनी कॉलेजच्या बँडमध्येही गाते. तिच्याकडे शुअरची एसई२१५ होती, आत एकच ड्रायव्हर, टोकाला फोमची गुंडाळी. एकदा तालमीला माझी जोडी घरी राहिली म्हणून तिची घातली. फोम दाबून खोल सरकवला, षड्ज लावला, ‘ई’. घुमारा निम्म्यावर आला. मी तीन वेळा लावून पाहिला. माझ्या जोडीच्या किमतीत तिच्या कितीतरी आल्या असत्या. तिला मी म्हटलं, ‘बरी आहे.’ इतकंच म्हटलं, याची आज लाज वाटते.

कारण साधं होतं. कानाच्या नळीचा बाहेरचा भाग कूर्चेचा, आतला हाडाचा. थरथरते ती कूर्चा. बूच बाहेरच संपलं तर कूर्चेची सगळी थरथर आत कोंडते. दुसऱ्या वळणापलीकडे हाडापर्यंत गेलं तर कोंडायला जागाच उरत नाही. तिचा फोम माझ्या महागड्या साच्यापेक्षा खोल जात होता. मी पुन्हा माप दिलं, या वेळी दातांत ठोकळा धरून आणि साचा खोल घ्यायला सांगून. खोल साचा पहिले पंधरा दिवस दुखतो. घालताना खोकला येतो. पण घुमारा उतरला.

आणि तो उतरल्यावर त्याच्याखाली दडलेलं दुसरं दुखणं वर आलं. मध्य षड्ज पोकळ लागू लागला. घुमत नाही, पण आतून कोणी गाभा काढून घेतल्यासारखा. मी साउंडवाल्या मुलाच्या मागे लागले. त्यानं आवाज वाढवला, कमी केला, सगळं केलं आणि शेवटी म्हणाला, ‘ताई, फेज उलटा करून बघू?’ त्यानं मिक्सरवर एक बटण दाबलं आणि माझा षड्ज भरून आला. तसा आवाज मी दहा वर्षांत ऐकला नव्हता. गोल, तजेलदार, खाली मखमल अंथरल्यासारखा. त्यावर त्याच्याकडून थोडा रिव्हर्ब मागून घेतला. त्या रात्री मी फार सुरेख गायले असं मला वाटलं. पुढची दोन वर्षं मला तसंच वाटत होतं.

त्या दोन वर्षांत प्रत्येक ठिकाणी मी गेल्या गेल्या सांगायची, ‘माझ्या कानात माझा फेज उलटा.’ काही जण चमकायचे, मला त्याचा अभिमान वाटायचा. बाईला तांत्रिक कळतं, असं कोणी म्हटलं की घरी येऊन मी ते सांगत असे.

एका कार्यक्रमात विद्यार्थिनीला विंगेत उभं केलं होतं. जादा बॉडीपॅक होता, त्यावर माझंच मिक्स लावून दिलं, ऐकून शिकेल म्हणून. गाडीत बसल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘ताई, एक विचारू? तार षड्जाला ईकार आला की तुम्ही चढता. मिक्समध्ये तर तुमचा आवाज अगदी स्वच्छ येत होता.’

तिच्यावर संतापायला काही कारण नव्हतं आणि मी संतापले. घरी ध्वनिमुद्रण लावलं. ती खरं बोलत होती. तार षड्ज, ईकार, दर वेळी केसभर वर, आणि आवाज दाबून काढलेला. ऐकू येत नसलं की माणूस जोर लावतो, तसा.

आता हिशेब सांगते, कारण तो करायला मला चार रात्री लागल्या आणि चौथ्या रात्री मी रडले. डिजिटल माइक, डिजिटल मिक्सर, तिथून माझ्या कानापर्यंत, या वाटेत आवाजाला दोन-अडीच मिलिसेकंद उशीर होतो. हाडातून येणारा माझा आवाज तत्काळ पोचतो. २०८ हर्ट्झची एक लाट ४.८ मिलिसेकंदांची, तिची अर्धी २.४. म्हणजे मध्य षड्जावर यंत्राचा आवाज हाडाच्या आवाजाशी बरोबर उलटा येऊन भिडत होता, दोघं एकमेकांना खात होते, म्हणून पोकळी. फेज उलटा केला की दोघं मिळाले. पण तार षड्ज ४१६ हर्ट्झचा, त्याची पूर्ण लाटच २.४ची. तिथे मुळात दोघं मिळूनच येत होते. मध्य षड्ज गोड करून घेण्यासाठी मी बटण दाबलं आणि माझाच तार षड्ज माझ्याच कानात पुसून टाकला.

विद्यार्थिनीला हे ऐकू येणं शक्य नव्हतं. साउंडवाल्यालाही नाही. तो हेडफोन लावून माझं मिक्स ऐकू शकतो, पण त्यात माझी हाडं नसतात. माझ्या डोक्यात काय वाजतं ते ऐकणारी मी एकटी, आणि मी त्या आवाजाच्या प्रेमात पडले होते. यात मला कोणालाही दोष देता येत नाही. कोरस म्हणणाऱ्या मुली, निवेदक, हार्मोनियमवाले काका, सगळ्यांनी तो चढा स्वर ऐकला असेल. वयाला मान देऊन गप्प बसले.

आता फेज सरळ आहे. माझ्या कानात येणाऱ्या माझ्या आवाजातून ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाकायला सांगते. तळ माझी हाडं देतातच, तिथे यंत्रानं भांडायला यायचं नाही. यंत्रानं फक्त वरचा भाग द्यायचा. रिव्हर्ब प्रेक्षकांना द्या, मला नको. सभागृहाच्या आवाजासाठी दोन माइक प्रेक्षकांकडे तोंड करून लावून घेते, नाहीतर टाळ्या शेजारच्या इमारतीतून आल्यासारख्या वाटतात. हार्मोनियम थोडी डावीकडे, ढोलकी उजवीकडे, मी मधे. ट्रॅकवर होणारे कार्यक्रम मी घेत नाही. कानात क्लिक, पुढे दोन वादक आणि मागे सगळं आधीच वाजवून ठेवलेलं, असल्या गाण्याला मॉनिटरच लागत नाही, तिथे कोणी कोणाचं ऐकतच नसतं. कामं त्यामुळे कमी झाली आहेत.

स्वर आता जागेवर येतात. ईकारही, बहुतेक वेळा. पण कानात जो आवाज येतो तो पातळ, कोरडा, कडांना थोडा खरखरीत, चोपन्न वर्षांच्या बाईचा. कार्यक्रमाआधी ग्रीनरूममध्ये मी तो लावून पाहते आणि दर वेळी क्षणभर वाटतं, बटण दाबायला सांगावं. निदान पहिल्या गाण्यापुरतं. गेल्या महिन्यात एकदा सांगितलंही. मुखडा गाऊन झाला, अंतऱ्यात तार षड्ज येणार होता, त्याच्या आधीच्या म्युझिकमध्ये मी साउंडवाल्याकडे पाहून हात उलटा केला. त्यानं लगेच सरळ केलं. त्याला ती खूण कशी कळली कोण जाणे. कदाचित तो वाटच पाहत असेल.

डावा साचा पुन्हा सैल वाटतो आहे. वयानं कानही बदलतो म्हणतात. सोमवारी माप द्यायला जायचं आहे. विद्यार्थिनीलाही बरोबर नेणार आहे; तिची पहिली जोडी करायची आहे, आणि ठोकळा दातांत नीट धरला आहे की नाही, ते मला स्वतः पाहायचं आहे.