एका जबड्याची गोष्ट

परवा रात्री रूममेटच्या जर्नलमधून रीडिंग्ज छापत होतो. कंटाळून नेटवर वाचायला लागलो.

स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनीच्या सुमारे 40 कोटी वर्षं जुन्या दगडात एका किड्याचा जेमतेम जबडा सापडला. 1928 मध्ये टिलयार्ड यांनी तेवढ्यावरून नवी प्रजाती वर्णन केली: ऱ्हायनिओग्नाथा हिर्स्टी. 2004 मध्ये एंगेल आणि ग्रिमाल्डी यांनी तोच नमुना पुन्हा तपासला आणि म्हटलं, हा सर्वांत जुना कीटक, बहुधा पंखवालासुद्धा! 2017 मध्ये दुसरे म्हणाले, छे, ही गोमेच्या जातकुळीतली दिसते.

वाद घालता येतो, कारण मूळ नमुना लंडनच्या म्युझियममध्ये जपलाय. माझी रीडिंग्ज कुणी पुन्हा तपासायची म्हटली, तर मी काय दाखवणार?

सकाळी लॅबची किल्ली मागायला गेलो. सर बघतच राहिले!