सात भिंतींचं स्वयंपाकघर

स्वयंपाकघराला चार भिंती असतात हा सर्वसाधारण नियम झाला. आमच्या स्वयंपाकघराला सात आहेत. मुळात ते ७ बाय ७ फुटांचं, सरळ स्वभावाचं असणार. पण एका कोपऱ्यात लिफ्टच्या डक्टनं दीड बाय दोन फुटांचं अतिक्रमण केलं, आणि दुसरा कोपरा बाहेरच्या रस्त्याच्या वळणाला मान देऊन दोन-दोन फुटांवर तिरका कापला गेला. उरले ४४ चौरस फूट. भूमितीच्या पेपरात ही आकृती आली असती तर पोरांनी मोर्चा काढला असता. तिच्यात आमच्या घरच्या दोन बायका वर्षानुवर्षं पुरणपोळ्या करताहेत.

जुन्या फरशा पोकळ वाजू लागल्या तेव्हा नव्या आणायचं ठरलं. सगळं घर दुकानात लोटलं.

तिथं गेल्यावर वाटलं, फरशी ही वस्तू आता भारतात होतच नसावी. एकीचं नाव कॅरारा, दुसरीचं स्टॅचुआरिओ. मी खोकं फिरवून पाहिलं. मोरबी, गुजरात! पूर्वी शहाबादी फरशी शहाबादहून यायची, ओट्याचा कडप्पा कडप्प्याहून आणि कोटा कोट्याहून. दगडाला आपलं गाव सांगायची लाज वाटत नसे.

"सध्या मोठी टाइल चालते साहेब," विक्रेता म्हणाला. "दोन बाय दोन तरी घ्याच. खोली मोठी दिसते."

खोली मोठी दिसून काय उपयोग? कुकर ठेवायला ती मोठी असावी लागते. पण बँकेतल्या माणसाला पाठकोरा कागद दिसला की हिशेब सुचतो. मी त्यांच्याच दरपत्रकाच्या पाठीवर आमची सप्तकोनी आकृती काढली आणि चांगल्या कोपऱ्यापासून चौकटी पाडल्या. दोन फुटी फरशी अख्खी बसत होती सात ठिकाणी, आणि आठ ठिकाणी तुकडे! म्हणजे मुद्दलापेक्षा मोडतोड जास्त. मग एक फुटी मांडून पाहिली. अख्ख्या ४२, कापायच्या फक्त ४. ताळा जमला की आमच्या जमातीला जो आनंद होतो तो इतरांना कळायचा नाही. ही नुसतं म्हणाली, "झालं का ऑडिट?"

अर्थात हे कागदावर. गवंड्यानं आदल्या दिवशीच भिंतीला गुण्या लावून मान हलवली होती. "साहेब, भिंत गुण्यात नाही. एका टोकाला इंचभर मारते." वाकड्या भिंतीशेजारी सरळ रेघ आली की वाकडेपणा चारचौघांत उघडा पडतो, मोठ्या फरशीची कडेची पट्टी एका टोकाला १२ इंच आणि दुसऱ्या टोकाला ११ दिसणार. लहान फरशीचं तसं नाही. दारापासून अख्ख्या लावत जायचं आणि कापलेल्या सिलिंडरमागं, ओट्याखाली ढकलायच्या. सगळ्याच घरांत काही गोष्टी ओट्याखाली असतात.

मग रंग. मुलीला पांढरी चकचकीत हवी होती. मी म्हटलं, मळ न दिसणारी घेऊ. त्यावर ही उखडली. "मळ न दिसणारी कशाला? मला मुंगी दिसली पाहिजे. सांडलेली साखर दिसली पाहिजे. पुसायचं मला आहे ना?" या वाक्यानंतर आमच्या घरात मतदान होत नाही. फिकट बदामी ठरली.

आई इतका वेळ गप्प होती. ती हल्ली घरात भिंतीला हात लावून चालते. भिंती सात असल्याचा तेवढाच फायदा. तिनं चपला काढल्या, दोन नमुने जमिनीवर ठेवायला सांगितले आणि विक्रेत्यानं पुढं केलेला पाण्याचा ग्लास त्यांच्यावर ओतला.

"आजी, प्यायचं होतं ते!"

"कोरडी फरशी कुणीही विकेल, बाळा," आई म्हणाली, आणि माझा हात धरून तिनं चकचकीत नमुन्यावर पाय टेकला. पाय सरकला. मग खरखरीत मॅटवर टेकला. राहिला. तिच्या धाकट्या बहिणीचं खुब्याचं हाड अशाच चकचकीत ओल्या फरशीवर मोडलं होतं. मावशी त्यानंतर ओट्याशी उभी राहिली नाही. आईनं दुकानात त्यातला एक शब्द काढला नाही. मुलीनं पांढरा नमुना स्वतःच उचलून जागेवर ठेवला.

मोडतोडीला दहा टक्के जास्त धरले. सगळ्या खोक्यांवर बॅच आणि शेडचा नंबर एकच आहे ना, ते मी नोटा तपासाव्यात तसं तपासलं. बॅच बदलली की बदामी रंगाच्या दोन जाती होतात. लहान फरशीला सांधे जास्त, म्हणजे हळद मुरायला जागाही जास्त. म्हणून सांध्यांत साध्या सिमेंटऐवजी इपॉक्सी भरून घेतलं. ते महाग पडलं, पण हळदीची वसुली कायमची असते.

खोकं फोडून मिळत नसल्यामुळं नऊ फरशा उरल्या. आठ माळ्यावर गेल्या. नववी ओट्यावर गरम कढईखाली असते.

काम संपलं त्या आठवड्यात एकदा रात्री मला जाग आली. आई पाणी प्यायला उठली होती. दिवा लावला नव्हता. पाणी पिऊन, भांडं पालथं घालून ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. दोन्ही हात पदरात होते.