आग लागेपर्यंतचा मंत्र

होमात समिधा रचायच्या, वर पळीभर ‘तूप’ सोडायचं, मंत्र म्हणायचा आणि काडी न ओढता जाळ काढून दाखवायचा. समिधांखाली कुठली पूड असते आणि पळीतलं तूप औषधाच्या कुठल्या बाटलीतून येतं, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातल्या माणसाला सांगायला नको. लातूर-नांदेडच्या गावांतून आयुष्यभर हे प्रयोग करत फिरलेल्या एका निवृत्त शिक्षकांची अडचण वेगळी आहे. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. ग्लिसरीन पुडीवर पडल्यापासून जाळ उठेपर्यंत जो वेळ जातो, त्यानं त्यांना जन्मभर छळलं.

हा वेळ कधीच सारखा नसतो. पूड किती बारीक कुटली, हवा कशी आहे, ग्लिसरीन किती ओतलं, यावर सगळं. मे महिन्यात पत्र्याच्या वर्गात मंत्र सुरू होतो न होतो तोच धूर निघतो. डिसेंबरात सकाळच्या प्रार्थनेनंतर मैदानात प्रयोग लावला, की ग्लिसरीन काकवीसारखं दाट होऊन बसतं. पोरं चुळबुळ करायला लागतात तरी होम आपला ढिम्म. गुरुजींनी यावर मंत्राचाच तोडगा काढला. संस्कृतचा भास होईल अशा चालीत ते तालुक्यांची नावं म्हणतात : ‘ॐ औसं निलंगं उदगीरं चाकूरं...’ उन्हाळ्यात लातूर जिल्ह्याचे दहा तालुके पुरतात. थंडीत नांदेडचे सोळाही घ्यावे लागतात, आणि बिलोली-धर्माबादपर्यंत जाऊनही जाळ आला नाही तर पुन्हा औशापासून. प्रयोग उलगडून सांगताना हाच मंत्र सावकाश म्हटला, की आपल्या तालुक्याचं नाव ओळखून लोक हसतात. तो हशा गुरुजींना टाळ्यांपेक्षा प्यारा.

अलीकडे त्यांचा उजवा हात थरथरू लागला आहे. पळी कलली की थेंबांऐवजी धार पडते, पूड नुसती भिजते, आणि वेळ आणखी लांबतो. एवढंच असतं तर डाव्या हातानं भागवलं असतं. पण हाताच्या कापऱ्यामुळे प्रयोग आधीपेक्षा खरा वाटायला लागला! पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना वाटतं, गुरुजींच्या अंगात येतंय. एका गावात जाळ उठला तशी एका आजीनं पदर पसरून जमिनीला डोकं टेकवलं. “आजी, हे औषधाच्या दुकानातलं आहे,” असं म्हणायला गुरुजींनी अंमळ वेळ घेतला, आणि तो का घेतला हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्या वेळी सभा मुठीत असते. ज्या बुवांच्या विरोधात ते बोलतात, त्यांना हे सुख रोज मिळतं. त्याचा हेवा वाटतो, हे ते लपवत नाहीत. प्रयोगाची भगवी कफनी त्यांनी शिंप्याला मापं देऊन शिवून घेतलेली आहे. तांब्याचा कमंडलू प्रत्येक कार्यक्रमाच्या आदल्या रात्री चिंचेनं घासतात. विज्ञानाला चकचकीत कमंडलू लागत नाही. गुरुजींना लागतो.

ही विद्या हातोहात आलेली आहे. केरळात जन्मून श्रीलंकेत स्थायिक झालेल्या अब्राहम कोवूर यांनी बुवाबाबांना लाख रुपयांचं आव्हान दिलं. पुढे बी. प्रेमानंद यांनी देशभर फिरून चमत्कार कसे केले जातात ते शिकवलं. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली आणि गावोगावचे मास्तर झोळीत लिंबू-नारळ घेऊन बाहेर पडले. बाकी महाराष्ट्रात हा मुकाबला मुख्यतः बुवांशी होता. मराठवाड्यात तो भानामतीशीही होता, आणि भानामतीला समोर उभा करायला बुवाच नसतो. घरावर दगड पडतात. दांडीवरची लुगडी पेटतात. पिठात घाण निघते. बायका कुत्र्यासारख्या भुंकायला लागतात. एकीचं ऐकून दुसरी, दुसरीचं ऐकून तिसरी. आणि अंगावर काळ्या फुल्या उठतात.

फुल्यांचं हत्यार बिब्बा. किनवट-माहूरच्या जंगलात याची झाडं आहेत, आणि गावात कुणाला बिब्बा माहीत नाही असं नाही. फळाच्या आतली गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात जाते, कवचातलं तेल टाचेच्या भेगांत. पूर्वी धोबी त्याच तेलानं कपड्यांवर खुणा करत आणि वर चुना लावून त्या पक्क्या करत. कितीही धुतलं तरी जात नसत. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या बाजारात काष्ठौषधीच्या दुकानातून गुरुजी मूठभर बिब्बे आणतात. सुई तापवून बिब्ब्यात खुपसली की तिच्या टोकावर दाट, तपकिरी तेलाचा मणी येतो. तो कातडीला लावला तर त्या वेळी फारसं काहीच होत नाही. डाग हवा लागून हळूहळू काळा पडतो. आग, सूज, पाणी धरलेले फोड हे सगळं दुसऱ्या दिवशी, कधी त्याच्याही दुसऱ्या दिवशी. त्यातही सगळ्यांना सारखं उठत नाही. एकाचा हात सुजून येतो, शेजारच्याला नुसता डाग.

गुरुजींचं म्हणणं असं, की भानामतीत हा उशीर जे काम करतो ते तेलही करत नाही. लगेच पोळलं असतं तर माणसानं लावणाऱ्याचा हात धरला असता. एक रात्र मधे गेली, की लावणारा हात विसरला जातो आणि फुली आपोआप उठल्याची होते. होमातला जाळही त्याच जातीचा, फक्त त्याचा उशीर मंत्राएवढा असतो. लिंबू कापून रक्त काढायचा प्रयोग गुरुजींना म्हणूनच हलका वाटतो. पात्यावर वाळलेला मिथिल ऑरेंज किंवा जास्वंदीचा रस, लिंबाचं आम्ल लागलं की लाल. वाट बघणं नाहीच! नवशिक्यांनी करावा तो प्रयोग, असं ते म्हणतात; स्वतः मात्र प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात त्यानंच करतात, कारण पोरं किंचाळतात.

एकदा त्यांना कुणीतरी परदेशातल्या चेटकविद्येची माहिती वाचून दाखवली. इंग्लंडात १७३५ चा जादूटोण्याचा कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली जेराल्ड गार्डनर यांनी पुस्तक लिहून विक्का नावाचा पंथ उघड केला. त्यांच्या पूजेत काळ्या मुठीचा सुरा असतो, त्याला अथामे म्हणतात. शिवाय पेला, कांडी, चांदणी कोरलेली तबकडी. अथामेनं काही कापत नाहीत. हवेत रिंगण आखतात. कापाकापीला पांढऱ्या मुठीचा सुरा वेगळा. गुरुजींना हे फार आवडलं. ज्या सुऱ्यानं काही कापायचंच नाही, त्याला बिचाऱ्याला रसायन कुठलं लावणार? ज्याला रिंगण आखायचं त्यानं खुशाल आखावं. आपल्याकडे प्रश्न आखण्याचा नाही, शेजारणीचं नाव घेण्याचा आहे. फुली उठली की जाणत्याकडे जातात, आणि तो कुणातरी बाईकडे बोट दाखवतो.

कायद्याला हे बोट दिसलं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. वटहुकमाखालचा पहिला गुन्हा नोंदला गेला तो नांदेडात, त्याच सप्टेंबरमध्ये, चमत्कारी औषधांच्या जाहिरातीबद्दल. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. अनुसूचीत बारा कलमं आहेत. अमका करणी करतो, मंत्रतंत्रानं जनावराचं दूध आटवतो असं कुणाबद्दल उठवणं, हाही त्यात गुन्हा. हे कलम गुरुजी गोठ्यापुढे उभं राहून वाचून दाखवतात. चमत्कार दाखवून पैसे उकळणं, फसवणं, दहशत बसवणं हेही त्यात आहे. त्यामुळे तीच कफनी, तोच कमंडलू, तीच पळी घेऊन गुरुजी समाजसेवक ठरतात ते शेवटच्या दहा मिनिटांमुळे, ज्यात ते सगळं फोडून सांगतात. ती दहा मिनिटं त्यांना सगळ्यात कंटाळवाणी वाटतात.

बरोबरीच्या कार्यकर्त्यांबद्दल त्यांची मतं तिखट आहेत. काहींनी प्रयोगांचं नुसतं जादूचं दुकान केलं. टाळ्या घेतल्या, फोटो काढला, पुढच्या शाळेत. काहींना गोंधळ्याची दिवटी आणि मांत्रिकाचं लिंबू यांतला फरकच कळत नाही. माहूरच्या रेणुकेच्या नावानं परडी घेऊन दारात आलेल्या बाईला कुणी हिणवलं तर गुरुजी त्याला झाडतात. तिची परडी कुणाच्या हातावर फुली उठवत नाही, कवड्यांची माळ कुणाचं नाव घेत नाही. संबळ सुरू झाला तर गुरुजी स्वतः मांडी ठोकून बसतात. आणि भानामतीच्या घरात जे करणारं असतं, ते बहुतेक वेळा घरातलंच, गांजलेलं, ज्याचं कुणी ऐकत नाही असं माणूस. त्याचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, हा या कामातला जुना संकेत. हल्ली मोबाईल काढून ‘भानामती पकडली’ म्हणत चित्रफीत टाकणारे निघालेत. त्यांचं नाव काढलं की गुरुजींच्या हाताचा कापरा वाढतो.

हात चालेना म्हणून पळी आता त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे गेली आहे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिची रीत निराळी. कफनी घालत नाही. होम दोनदा करते : एकदा झाकून, एकदा पूड आणि बाटली उघडी ठेवून, आणि दुसऱ्या वेळी पोरांना मोठ्यानं आकडे मोजायला लावते. मग पूड जाड घेऊन परत, ग्लिसरीन कोमट करून परत. पोरं आकडे फळ्यावर लिहितात. तालुके नाहीत, औसं नाही, निलंगं नाही. गुरुजी मागच्या बाकावर बसून बघतात आणि घरी येऊन सांगतात, चांगलं करते, पण कुणी श्वास रोखत नाही. “कामून रोखावा, गुरुजी?” असं तिनं तोंडावर विचारलं, तेव्हा त्यांना राग आला होता.

एका बाबतीत मात्र तिनं त्यांना कोड्यात टाकलंय. बिब्बा आजवर कुणी सभेत दाखवू शकलं नाही, कारण तो सभा संपल्यावर काम करतो आणि दुसऱ्याच्या अंगावर लावणं हा अत्याचारच. गुरुजींनी पूर्वी स्वतःच्या मनगटावर लावून घेतला होता. तो डाग दाखवला की लोक हळहळतात, “अरेरे, तुमच्यावर बी झाली व्हती म्हणा की!” तिचं म्हणणं, डाग दाखवू नका, सगळ्यांसमोर लावा आणि परत या. शाळा दोन दिवस देत नाहीत, म्हणून तिनं एका गावात शनिवारची सकाळ आणि सोमवारचा पहिला तास मागून घेतला आहे. मधल्या रविवारी फुली उठेल, असं तिचं गणित. गुरुजींना ते धोक्याचं वाटतं. रविवारभर पोरं गावात सांगत फिरणार, आणि सोमवार उजाडेपर्यंत कुणीतरी जाणत्याला विचारून आलेलं असणार. दोघांचं यावर अजून चालू आहे. हात कुणाचा, यावर मात्र चर्चा नाही. तिनं बाही वर केली तेव्हा गुरुजींनी बिब्बा उचलून स्वतःच्या खिशात टाकला.