फाटकाजवळचे सहा फूट

घर उंचावर हवं, हे लहानपणापासून मनात बसलेलं. गावच्या आमच्या घराचं जोतं तीन फुटांचं. पावसाळ्यात गल्लीतून पाणी वाहिलं तरी ओटीवर काही यायचं नाही. शहरातल्या बैठ्या घरापुढची जुनी फरशी उखडून फाटकापासून पोर्चपर्यंत पेव्हिंग ब्लॉक घालायचं ठरलं, तेव्हा मी गवंडीमामांना एकच गोष्ट बजावली : सगळं उंच घ्या. त्याला कारणही होतं. बाहेरचा रस्ता जुना थर न खरवडता डांबर चढवत चढवत वर आला होता आणि लागोपाठ दोन पावसाळे पाणी फाटकातून आत शिरलं होतं.

मामांनी पाण्याची नळी धरून पातळी काढली आणि म्हणाले, "साहेब, पोर्च फूटपाथपेक्षा साडेनऊ इंच वर आहे. फाटकच नऊ इंच उचललं तर ढाळ कुठनं काढू? आणि कडेचा कर्ब आठ इंचांचा नको, पाणी भिंतीकडं राहील." मी ऐकलं नाही. फाटक नऊ इंच उचललं. गाडी चढावी म्हणून अडीच फुटांचा रॅम्प बाहेर, फूटपाथवर ओतला. गाडीच्या वाटेकडेने आठ इंचांचा कर्ब बसवला आणि त्याच्या माथ्याला लागून, घराच्या भिंतीकडेने पायवाट केली.

त्या पावसाळ्यात बाहेरचं पाणी आत आलं नाही. आपला निर्णय बरोबर ठरला, असं मी घरात सगळ्यांना सांगितलं. पण श्रावण सरेपर्यंत बैठकीच्या भिंतीला आतून ओल आली, रंगाचे पोपडे सुटले. पायवाट जोत्यातल्या ओल रोखणाऱ्या डीपीसीच्या थराच्याही वर गेली होती आणि कर्बमागे अडलेलं पाणी भिंतीत मुरत होतं. पोर्चपुढे डबकं साचायचं. गाडीचं दार उघडलं की खालची कड कर्बला घासायची. तरी माझं मत बदललं नाही. कर्बला दोन भोकं पाडू, म्हणजे झालं, असंच मी म्हणत होतो.

मत बदललं ते एका सकाळी. आमच्या गल्लीतल्या एक आजी काठी टेकत देवळात जातात. त्या माझ्या रॅम्पपाशी थांबल्या. फूटपाथ तिथे रस्त्याच्या बाजूला तिरका झाला होता. काठी टेकली तरी पाय घसरणार. त्या हळूहळू रस्त्यावर उतरल्या, मागून येणाऱ्या रिक्षाला हात दाखवला, माझं फाटक ओलांडून गेल्यावर पुन्हा फूटपाथवर चढल्या. त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. रोजचीच सवय असावी. मला मात्र फार लागलं. माझ्या अंगणातला उतार मी त्यांच्या पायाखाली नेऊन ठेवला होता.

मग मी इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची २०१२ची मार्गदर्शक तत्त्वं वाचली. त्यांत म्हटलं होतं : फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि घराच्या फाटकापुढेही फूटपाथ त्याच पातळीत सलग जायला हवा. चढ-उतार गाडीने करायचा, चालणाऱ्याने नाही.

मामांना पुन्हा बोलावलं, चूक कबूल केली. हिशेब त्यांनी पहिल्याच दिवशी मांडला होता. फाटक ते पोर्च वीस फूट. फाटक फूटपाथच्या पातळीला आणलं. आतल्या पहिल्या सहा फुटांत सहा इंच चढ, म्हणजे बारास एक. उरलेल्या चौदा फुटांत साडेतीन इंच, म्हणजे साधारण पन्नासास एक. झाले साडेनऊ. पायवाट गाडीच्या वाटेच्याच पातळीला, वेगळ्या रंगाच्या ब्लॉकची, डीपीसीच्या सहा इंच खाली आणि ढाळ भिंतीपासून दूर. कर्ब फक्त बागेच्या कडेला ठेवला, दोन इंचांचा. मातीही थोपते आणि पाणीही अडत नाही. फाटकाच्या आत आडवी नाली, तिच्यावर जाळी आणि पाणी शोषखड्ड्यात. रॅम्प फोडून काढला, फूटपाथ होता तसा करून दिला.

एकच काम दोनदा केल्याने खर्च वाढला. फाटक खाली आल्यामुळे रस्त्याचं पाणी पुन्हा आत येईल का, ही धास्तीही आहे. नाली थोडं घेईल, सगळं नाही. रस्ता उंच होत जाणं चूकच आहे, हे माझं मत आजही कायम आहे. पण फाटक उचललं तेव्हा तो प्रश्न मी माझ्यापुरता मिटवला होता आणि शेजाऱ्यांवर सोडून दिला होता. आता गल्लीतले सात जण मिळून अर्ज केला आहे : नवा थर टाकण्याआधी जुना खरवडा. अर्जावर पाचवी सही त्या आजींची आहे.