घासाघीस कुणाशी करायची?

तुळशीबागेत तयार झालेल्या बाईला जपानात खरेदीला पाठवू नये. वस्तू उत्तम, दुकानं देखणी, माणसं कमालीची अदबशीर. पण चिठ्ठीवर लिहिली ती किंमत. 'शेवटचं काय ते सांगा' हे वाक्यच बाद. आपण पाठ फिरवून चार पावलं जायचं आणि त्यानं 'ओ ताई' म्हणून हाक मारायची, तेही बाद. हात बांधून पोहायला सोडल्यासारखं वाटतं.

लेक टोकियोत निशी-कासाईला राहते. आपल्याकडच्या आयटीवाल्यांची तिथं मोठी वस्ती आहे. तिला सुट्टी नव्हती, म्हणून तिनं आम्हा दोघांच्या हातात रेल्वेची कार्डं ठेवली, कुठं गाडी बदलायची ते लिहून दिलं, आणि आम्ही निघालो. निहोनबाशीला गाडी बदलली की पुढचंच स्टेशन मित्सुकोशीमाए, म्हणजे मित्सुकोशीसमोर. मित्सुकोशी हे तिथलं जुनं, भलंमोठं डिपार्टमेंट स्टोअर. 1932 साली हे स्टेशन बांधलं तेव्हा खर्च या दुकानानंच उचलला आणि स्वतःचं नाव दिलं. आमच्या ह्यांची सगळी नोकरी बँकेत गेली. पैसे कुणी घातले हे कळलं की ह्यांना कुठल्याही वास्तूत रस वाटू लागतो. तसा तो इथंही वाटला.

माझ्या दुःखाचं मूळ नेमकं याच दुकानात निघालं. 1673 साली मित्सुई ताकातोशी नावाच्या व्यापाऱ्यानं एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, 'एचिगोया' हे कापडाचं दुकान काढलं. त्या काळी मोठे कापडवाले माल घेऊन सरदारांच्या घरी जात, उधारीवर देत आणि गिऱ्हाईक बघून भाव सांगत. उधारी बुडण्याची भीतीही त्या भावातच धरलेली. ताकातोशीनं रीतच बदलली: दुकानात या, रोख मोजा, किंमत सगळ्यांना एकच. अख्खा तागा घ्यायची सक्ती नाही, हवं तेवढं कापून मिळेल. रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. त्या एचिगोयाचं पुढं मित्सुकोशी झालं. सामान्य माणसाला ही पद्धत सोयीचीच होती, हे मलाही मान्य आहे. सरदाराला एक भाव आणि शिंप्याला दुसरा, यात कसली आली मजा? तरीपण.

तिथं आम्ही जावेसाठी आणि विहीणबाईंसाठी रुमाल घेतले. पुडकं बांधणाऱ्या मुलीनं कागद तिरका मांडला, डबी त्यावर दोनतीनदा उलटवली, एक चिकटपट्टी लावली आणि दोन्ही हातांनी पुडकं पुढं केलं. कागद पांढरा, त्यावर नदीतल्या गोट्यांसारखे लाल आकार. हे चित्र 1950 मध्ये इनोकुमा गेनइचिरो या चित्रकारानं काढलं आणि त्यावरची अक्षरं तेव्हा दुकानात नोकरीला असलेल्या यानासे ताकाशीनं. हाच यानासे पुढं 'आनपानमान' या कार्टूनमुळं जपानातल्या पोराटोरांना माहीत झाला. रुमाल चांगले होते. पण आमच्या जाऊबाई कागदच जपून ठेवतील, हे मला तिथंच दिसलं.

आता माझा मुद्दा. तुळशीबागेत आम्ही दोघं एका बाजूला असतो आणि दुकानदार दुसऱ्या. ह्यांनी कंटाळून 'चल, पुढं बघू' म्हणायचं, मी वस्तू सोडवत नसल्यासारखं रेंगाळायचं. संसारात हे नाटक चांगलं बसलंय. समोरचा पक्षच नाहीसा झाला, की ती सगळी शक्ती एकमेकांवर चालते.

पुराव्यादाखल कप्पाबाशी. त्याच रेल्वेवर तावारामाचीला उतरायचं. हॉटेलवाल्यांच्या सामानाची ही गल्ली. कोपऱ्यावरच्या इमारतीवर टोपीवाल्या आचाऱ्याचं राक्षसी मुंडकं बसवलंय. पातेली, झारे, काचेच्या कपाटात मांडायचे प्लास्टिकचे खोटे पदार्थ, आणि सुऱ्या. मला सुरी हवी होती.

"घरी विळी आहे की," हे म्हणाले.

"विळीवर बसायला गुडघे कुणाचे आणू?"

म्हाताऱ्या दुकानदारानं आधी माझे हात बघितले आणि खुणेनं विचारलं, कुठला? मी डावखुरी. त्यानं मासे कापायची एक सुरी मान हलवून बाजूला सारली. तिला एकाच अंगानं धार असते, ती उजव्या हाताची. डाव्या हाताची वेगळी घडवतात आणि महाग पडते. मग भाजीची काढली, चौकोनी पात्याची. तिला नाकिरी म्हणतात, धार दोन्ही अंगांनी. पातं त्यानं कागदावर टेकवलं आणि ओढलं, कागदाचा आवाजसुद्धा झाला नाही. फोनवरच्या भाषांतरातून सूचना आल्या: धुतली की लगेच पुसा, गंजते; हाडं किंवा गोठलेलं काही कापू नका. मी नारळाचं विचारलं. त्यानं सुरी चटकन स्वतःकडं ओढली.

"केवढ्याला?"

"बारा हजार येन."

"म्हणजे सातेक हजार रुपये. एका सुरीला!"

"साडेसहाच्या आसपास. आणि पाच हजार येनच्या वर घेतलं तर पासपोर्ट दाखवून दहा टक्के कर सुटतो."

"कर सुटतो म्हणून घ्यायची का?"

दुकानदार शांतपणे उभा होता. त्याचा यात काही संबंधच नव्हता. ह्यांनी आकडे मांडले, मी गुडघ्याच्या डॉक्टरची फी मांडली, आणि चांगली दहापंधरा मिनिटं रस्सीखेच झाल्यावर सौदा ठरला: सुरी घ्यायची, बदल्यात शंभर येनच्या दुकानासाठी केलेली माझी भेटवस्तूंची यादी निम्मी. पात्यावर नाव कोरून देतात. कुणाचं, असं त्यानं विचारल्यावर हे म्हणाले, "दोघांचं. निम्मे पैसे माझे आहेत."

यादीतून वरच्या मजल्यावरचे शेजारी आणि ह्यांचे दोन मावसभाऊ गेले. कामाच्या मावशींचं नाव मी हलू दिलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर कप्पाबाशीला रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. सुरी सामानाच्या बॅगेत घाला, हातातल्या नको. आणि किती खर्चायचं ते दोघांनी निघण्याआधी घरीच भांडून ठरवा. दुकानात कुणी मध्ये पडणार नाही.