डावं चाक जास्त काळं

शनिवारी सकाळी सहाला चांदणी चौक ओलांडला की पुणेकरांचा मूड आपोआप बदलतो. भूगाव, पिरंगुट, पौड... ऑफिस मागे पडत जातं. मुळशी धरणाचं पाणी दिसायला लागलं की फोनची रेंज गेली तरी वाईट वाटत नाही. मग ताम्हिणी घाट, विळे, माणगाव, म्हसळा आणि शेवटी दिवेआगर. नारळ-पोफळीच्या वाड्या, ताटात उकडीचे मोदक आणि समोर लांबलचक किनारा. वीकेंडला अजून काय हवं?

सप्टेंबर संपत आला होता. कड्यांवर सोनकीची पिवळी फुलं, रस्त्यावर उतरलेले ढग आणि स्टिअरिंगवर अस्मादिक. गाडी सेकंडहँड असली तरी तिची अलॉय व्हील्स म्हणजे माझा जीव की प्राण! खरं सांगू? या चाकांकडे बघूनच मी ही गाडी घेतली होती. इंजिन नंतर बघितलं.

रविवारी संध्याकाळी घाट चढून परत येताना मुळशीजवळ चहाला थांबलो, तेव्हा मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझी चाकं बघ. चुलीतून काढल्यासारखी दिसतायत."

चंदेरी चाकं काळीठिक्कर पडली होती. त्यावर डांबराचे ठिपके आणि मध्येच गंजासारखे तांबूस दाणे. ओल्या टिश्यूने घासून पाहिलं. टिश्यू काळा झाला, चाक मात्र तसंच. पुढच्याच शनिवारी आईबाबांना घेऊन पुन्हा दिवेआगरला जायचं होतं. अशी गाडी बाबांसमोर कशी न्यायची? पौड सोडल्यावर डाव्या हाताला वॉशिंग सेंटरची पाटी दिसली आणि मी गाडी आत घेतली.

पाणी नाही, आधी हात

पत्र्याची शेड, एक रॅम्प, एक प्रेशर पंप आणि भिंतीवर देवाचं कॅलेंडर. आपल्या हायवेवर असतं तसंच. पोऱ्या पाइप घेऊन धावत आला. "ताई, अलॉयला ॲसिड मारतो. दोन मिनिटांत चकाचक!"

"गप रे," खुर्चीतले काका उठले. "ॲसिडनं मळ जातो, त्याबरोबर वरची लॅकरपण जाते. मग खालचं ॲल्युमिनियम उघडं पडतं. ताई समुद्रावरून आल्यात ना? मीठ तिथूनच आत शिरतं."

नंतर काकांनी एक वेगळीच गोष्ट केली. पाणी न मारता ते एकेका चाकापाशी वाकले आणि हाताची मागची बाजू जवळ नेली. मागची दोन्ही थंड. पुढचं उजवं कोमट. पुढच्या डाव्यापाशी मात्र त्यांनी हात झटकन मागे घेतला.

"घाट उतरून आलात की चढून?"

"चढून."

"मग हे एवढं का तापलंय?"

मला वाटलं, पुढची चाकं तापतातच. काका काही बोलले नाहीत. गाडी सावलीत घ्यायला लावली आणि चहा मागवला. तापलेल्या चाकावर थंड पाणी मारलं तर आतली डिस्क वाकडी होऊ शकते, हा पहिला धडा.

ही काजळी येते कुठून?

हा मळ मुळात रस्त्यावरचा नसतोच. आपण ब्रेक दाबतो तेव्हा पॅड लोखंडी डिस्कवर घासतो. दोन्हीची बारीक पूड निघते आणि ती गरमागरम असतानाच चाकावर चिकटते. तिच्यात लोखंड असल्यामुळे ओल लागली की ती तिथेच गंजते आणि लॅकरमध्ये रुतून बसते. तांबूस दाणे आले ते असे! ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे पुढची चाकं जास्त काळी होतात. शिवाय माझ्यासारख्या बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात, त्यांची पूड आतच राहते.

घाटात तर ब्रेकचा कसच लागतो. हिशोब करून बघा. हजार किलोची गाडी पाचशे मीटर खाली उतरली की जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्यात साधारण पंधरा लिटर पाण्याला उकळी येईल. सगळा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलात, तर ती बहुतेक सगळी उष्णता जाते कुठे? त्या चार चाकांत. आणि त्यातही जास्त करून पुढच्या दोनांत.

जांभळे ओघळ

उजवं चाक निवल्यावर काम सुरू झालं. आधी नुसतं पाणी, म्हणजे वाळू निघून जाते आणि घासताना चरे पडत नाहीत. मग शाम्पूचं पाणी, तेही वेगळ्या बादलीत. चाकाचं फडकं बॉडीला लावायचं नाही, हा काकांचा कडक नियम. डांबराच्या ठिपक्यांवर केरोसीनचं फडकं हलकेच फिरवलं, पण फक्त बाहेरून. डिस्कवर केरोसीन, डिझेल किंवा तेल अजिबात जाता कामा नये, नाहीतर ब्रेक लागणारच नाही.

तरी दाणे उरलेच. माझ्या डिकीत आयर्न रिमूव्हरची बाटली कधीची पडून होती. फवारली आणि मिनिटभरात चाकावरून जांभळे ओघळ वाहायला लागले. पोऱ्या बघतच राहिला! त्यातलं औषध लोखंडाशी संयोग पावतं, म्हणून हा रंग येतो. वास मात्र केस काढायच्या क्रीमसारखा, नाक दाबून धरायला लावणारा. ते वाळायच्या आत मऊ ब्रशने घासायचं, नटांच्या खाचांत जुना टूथब्रश फिरवायचा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकायचं. चाक पुन्हा चंदेरी!

मग डावं. त्यावर फवारलं आणि उजव्यावर चार ओघळ होते, तिथे इथे जांभळा पूरच आला. एकदा धुतलं, पुन्हा फवारलं, पुन्हा जांभळं.

काकांनी मान हलवली. "ताई, एक चाक जास्त काळं म्हणजे ते एकटंच ब्रेक मारतंय."

जॅक लावला, गाडी न्यूट्रलला टाकली. उजवं चाक हाताने फिरवलं तर फिरलं. डावं जागचं हलेना. आता आठवलं. शनिवारी घाट उतरताना जळका वास आला होता. मी काच वर केली आणि पुढच्या ट्रकला शिव्या दिल्या. म्हसळ्याच्या पुढे गाडी जरा डावीकडे ओढत होती, तेव्हा रस्ताच तसा असेल असं समजले.

पिरंगुटहून काकांच्या ओळखीचा फिटर आला. चाक उघडलं. कॅलिपरच्या पिना गंजून जाम झाल्या होत्या. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला धरूनच होता. आणि पॅडवर मटेरियल? नखाएवढं जाड राहिलं होतं. दोन महिन्यांपूर्वीच्या सर्व्हिसिंगच्या बिलावर 'ब्रेक चेक' असं छापलेलं होतं. मी ते पैसे हसत हसत भरले होते.

"अजून एक घाट उतरला असता तर?" मी विचारलं.

"उतरला असता," फिटर म्हणाला, "पण थांबला असता का, ते नाही सांगता येत."

पोटात गोळा आला. पुढच्या शनिवारी मागच्या सीटवर आईबाबा बसणार होते.

गाडी तिथेच ठेवून आम्ही पीएमपीच्या बसने घरी आलो. सोमवारी दोन्ही बाजूंना नवे पॅड बसले, पिना साफ करून ग्रीस लावलं आणि डिस्क तपासली. निघताना काकांनी चाकांना वॅक्सचा हात मारून दिला. काजळी पुढच्या वेळी सहज सुटते म्हणे. रस्त्याला लागल्यावर हळू वेगात दोन-चारदा ब्रेक दाबून डिस्क वाळवायला सांगितली, तेही केलं.

शनिवारी ठरल्याप्रमाणे आईबाबांना घेऊन निघाले. ताम्हिणीच्या उतारावर बाबांनी नेहमीचं पालुपद सुरू केलं. "ज्या गिअरमध्ये चढतेस, त्याच गिअरमध्ये उतर." एरवी मी "हो बाबा" म्हणून ब्रेकच दाबते. या वेळी गुपचूप दुसरा गिअर टाकला. इंजिन घुरघुरलं, गाडीने स्वतःच स्वतःला आवरलं आणि पायाला फारसं काम उरलं नाही.

दिवेआगरला उतरल्यावर बाबा मोदकांच्या चौकशीला गेले, आई समुद्र बघायला. मी मात्र आधी चाकांपाशी वाकले आणि चारही ठिकाणी हाताची मागची बाजू नेली. पुढची दोन्ही सारखीच कोमट होती.

मग मीही समुद्राकडे गेले.